चिखलातल्या जर्सी कोण धुतं?

हुरड्याचे दिवस आहेत, रानात कामं पडलीत, तरी तुम्ही रेडिओ लावून बसलात, बरं वाटलं. आज आम्ही कर्ज, हप्ता, इतिवृत्त यातलं काही बोलणार नाही. आज खेळाबद्दल बोलायचंय. आणि तोही असा खेळ, जो आपल्या तालुक्यात कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आमच्या गटातल्या एका काकूंची लेक आयर्लंडमध्ये नर्स आहे. इंग्लंडच्या पलीकडे, समुद्रात एक बेट आहे, तो देश. तिथल्या दवाखान्यांत आपल्या देशातल्या पुष्कळ नर्स काम करतात. या लेकीला दोन मुलं, थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा. गेल्या वर्षी जानेवारीत मुलांचं नाव गावच्या क्लबात घातलं आणि तेव्हापासून ती आईला फोनवर आवाजातले निरोप पाठवायला लागली. काकूंना ते एकट्यानं ऐकवेनात. दर बैठकीला हजेरी झाली, बचत गोळा झाली की काकू फोन मधे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ऐका गं, काय म्हणते ती." असं आमचं एक वर्ष गेलं. आम्ही कुठं गेलो नाही, पण त्या मैदानाचा चिखल आमच्या चांगल्या ओळखीचा झालाय.

आधी खेळ सांगतो. दोन खेळ आहेत. एक हर्लिंग. त्यात हातात लाकडाची काठी असते, खाली पसरट, पळीसारखी. तिला हर्ली म्हणतात. चेंडू कातड्याचा, मुठीत मावेल एवढा, त्याचं नाव स्लिटर. तो काठीनं उचलायचा, काठीवर तोलत पळायचं, हवेत उडवून टोला हाणायचा. ऐकल्याबरोबर आमच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "म्हणजे विटी-दांडूचा थोरला भाऊ!" अगदी तसं नाही, पण टोला तोच. दुसरा खेळ गेलिक फुटबॉल. तो हातानंही खेळतात आणि पायानंही. चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही, मग तो जमिनीवर आपटायचा नाहीतर पायाच्या बोटांवरून हातात उडवून घ्यायचा. दोन्ही खेळांत पंधरा-पंधराचा संघ. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांड्याखालून जाळ्यात चेंडू गेला तर तीन गुण, वरून गेला तर साधारणपणे एक.

या खेळांची जी मोठी संस्था आहे, गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, ती १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स नावाच्या गावातल्या एका हॉटेलात सुरू झाली. तेव्हा तिथंही इंग्रजांचंच राज्य होतं. आपले खेळ, आपली भाषा मरू द्यायची नाही, म्हणून मूठभर माणसं एकत्र बसली. पुढं १९२० साली डब्लिन शहरातल्या क्रोक पार्क मैदानावर सामना चालू असताना इंग्रजांच्या फौजेनं गोळीबार केला, चौदा माणसं गेली, त्यात एक खेळाडू होता. हे ऐकलं तेव्हा आमच्या बैठकीत कुणीतरी लगेच जालियनवाला बागेचं नाव काढलं. त्यातही फरक एका वर्षाचाच.

आज त्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार माणसं बसतात. आणि आता जे सांगणार आहोत, ते आम्हाला दोन बैठका पटलं नव्हतं. त्या ८२ हजार माणसांपुढं खेळणाऱ्या खेळाडूला खेळाचा पगार नसतो. तो सोमवारी शाळेत शिकवायला जातो, गाईंच्या धारा काढतो, नाहीतर दुकानात उभा राहतो. कोणत्या क्लबाकडून खेळायचं, हेही बहुतेक वेळा जन्मानंच ठरतं. ज्या गावचा, त्या गावच्या क्लबाचा. आपल्याकडं तालमीचा पैलवान जसा गावाचा असतो, तसं. बेटावर असे शेकडो क्लब आहेत आणि सगळ्या बेटाची लोकसंख्या ७० लाखांच्या आसपास. म्हणजे वाडीवस्तीला क्लब झाला की!

आता वर्ष कसं गेलं ते ऐका.

जानेवारीत नोंदणी. फी भरायची, फॉर्म भरायचा. तिकडं जानेवारीत दुपारी साडेचार-पाचला अंधार पडतो, पाऊस आणि थंडी. म्हणून लहान मुलांचा सराव बंद हॉलमध्ये. लेकीनं पहिल्या निरोपात सांगितलं, "आई, मी नुसतं नाव घालायला गेले होते. तिथल्या बाईंनी मुलांची नावं लिहून घेतली आणि विचारलं, तुम्ही काय करणार?" ही म्हणाली, मला खेळातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, बुटांच्या नाड्या बांधता येतात ना? झालं. आठ वर्षांची पंचवीस मुलं म्हणजे पन्नास बूट, त्यातले निम्मे सुटलेले. तेवढ्यालाच दोन माणसं लागतात.

ही आधी चिडली होती, हेही सांगायला हवं. बारा-बारा तासांची पाळी करून आलेली बाई, तिला म्हणे मैदानावर ये. तिचं म्हणणं, फी भरली ना मी? पण महिनाभरानं तिच्या लक्षात आलं की तिथं शिकवणारा, मैदानाचं गवत कापणारा, फाटक उघडणारा, हिशेब ठेवणारा, कुणीच पैसे घेत नाही. सगळी कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप, नाहीतर ज्यांची मुलं मोठी होऊन गेलीत असे आजोबा. त्यांच्या जुन्या भाषेत यासाठी एक शब्द आहे, मेहल. शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या शेतात जाऊन काम उरकून द्यायचं, मग त्यानं याच्या शेतात यायचं. आम्ही सगळ्या एकदम म्हणालो, अगं, ही तर आपली सावड! आपल्याकडं कुणी इर्जिक म्हणतं. इकडं सावड खुरपणी-काढणीपुरती उरलीय, आणि तीही कमी होत चाललीय. त्यांनी ती खेळाच्या मैदानावर नेली.

मार्च उजाडला तसा सराव बाहेर आला आणि चिखल सुरू झाला. जर्सी क्लबाच्या मालकीच्या असतात. सामना संपला की सगळ्या ओल्या, चिखलानं माखलेल्या जर्सी एका मोठ्या पिशवीत भरतात आणि ती पिशवी एका घरी जाते. पाळीनं. पुढच्या सामन्याला ती धुऊन, वाळवून, आकड्यांप्रमाणं लावून परत आणायची. लेकीची पहिली पाळी आली तेव्हा तिनं आईला पिशवीचा फोटो पाठवला. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "जावई धुतो का कधी?" यावर काकूंनी फोन उलटा ठेवला. पुढच्या बैठकीला उत्तर आलं. दुसरी पाळी जावयाची होती, कारण यादीत आई-बाप दोघांची नावं लिहिलेली होती आणि ती यादी सगळ्यांच्या फोनवर गेलेली होती. आता बापाचं नाव लिहिलंय म्हटल्यावर पिशवी बायकोच्या गळ्यात कशी घालणार? यादीचा एवढा उपयोग आम्हाला आजवर सुचला नव्हता.

लहान मुलांसाठी त्यांचा एक नियम आम्हाला फार आवडला. साधारण बारा वर्षांखालच्या मुलांचे सामने लहान मैदानावर, थोड्या थोड्या मुलांचे संघ करून खेळवतात, आणि आलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळालंच पाहिजे. चांगल्या मुलाला आत ठेवायचं, कच्च्याला बाकावर बसवायचं, हे चालत नाही. मोठा चषक नाही, अंतिम सामना नाही. धाकटा पहिले तीन महिने चेंडू आला की डोळे मिटायचा. तरी त्याला दर शनिवारी खेळवला. जूनमध्ये त्यानं पहिल्यांदा काठीवर चेंडू उचलला, तेव्हा त्याच्या आईचं ओरडणं आम्ही इकडं ऐकलं.

काठी, टणक चेंडू म्हटल्यावर काकूंना रात्री झोप लागेना. पोराच्या डोळ्याला लागलं तर? पण २०१० पासून हर्लिंग खेळणाऱ्या लहानथोर प्रत्येकाला तोंडापुढं जाळी असलेलं हेल्मेट सक्तीचं आहे, आणि नंतर गेलिक फुटबॉलमध्ये दातांना रबरी कवचही सक्तीचं झालं. हेल्मेट स्वस्त नाही. म्हणून त्या क्लबात एक मोठी पेटी ठेवलीय. मुलाला लहान झालेले बूट, हेल्मेट तिच्यात टाकायचं, ज्याला बसेल त्यानं न्यायचं. कुणी नेलं हे कुणी लिहून ठेवत नाही. आपण असतो तर आधी रजिस्टर घातलं असतं, असं आमच्या सचिव ताईच हसत म्हणाल्या.

दुसरी एक गोष्ट मात्र ते काटेकोर लिहितात, आणि ती प्रत्येक आईनं ऐकावी. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तसा कायदाच आहे. मुलांच्या सुरक्षिततेचं शिक्षण घेतल्याशिवाय त्याला मैदानावर उभं राहता येत नाही. एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर राहायचं नाही. सरावाचा निरोप मुलीच्या फोनवर पाठवायचा नाही, आईबापाच्या फोनवर पाठवायचा. काही खटकलं तर सांगायचं कुणाला, तर त्यासाठी क्लबात एक माणूस नेमलेला असतो. आमच्या लेकीचीसुद्धा पडताळणी झाली. नुसत्या नाड्या बांधायच्या होत्या, तरी. तिला राग नाही आला. ती म्हणाली, "माझी झाली म्हणजे सगळ्यांची झाली असणार."

आता मुलींकडं येतो. मुलींच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. ती १९०४ साली सुरू झाली. बायकांच्या गेलिक फुटबॉलची संस्था १९७४ साली स्थापन झाली, थर्ल्सच्या त्याच हॉटेलात, पुरुषांच्या मागून नव्वद वर्षांनी. तीन संस्था, तीन चुली. एकाच घरातला भाऊ एका संस्थेचा आणि बहीण दुसऱ्या दोन संस्थांची. त्यामुळं मैदान आधी कुणाला, उजेडाची वेळ कुणाला, यावरून बायकांना वर्षानुवर्षं मागं थांबावं लागलंय. आता या तिन्ही एकत्र करायचं काम चाललंय. त्या देशाच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस त्या कामाच्या प्रमुख आहेत आणि २०२७ हे वर्ष ठरवलंय. बघू. म्हणजे कुणी असं समजू नका की तिकडं सगळं सोन्याचं आहे. सामन्यानंतरचा चहा आणि सँडविच बायकांनी करायचे आणि समितीच्या खुर्चीवर पुरुषांनी बसायचं, हे तिकडंही खूप वर्षं चाललं.

मे महिन्यात तर एक गोष्ट अशी घडली की आमची बैठक दोन तास लांबली. कमोगीच्या सामन्यात बायकांनी स्कॉर्ट घालायचा, असा नियम होता. म्हणजे आत चड्डी, वरून स्कर्टसारखा घेर. सराव सगळ्या साध्या हाफपँटीत करतात, पण सामना आला की स्कॉर्ट. पुष्कळजणींना त्यात अवघडल्यासारखं व्हायचं, पळताना लक्ष कपड्याकडं जायचं. आदल्या वर्षी हा नियम बदलायचा ठराव पडला होता. मग ३ मे २०२५ ला डब्लिन आणि किलकेनी या दोन संघांच्या मुली सामन्याला हाफपँट घालूनच मैदानात उतरल्या. दोन्ही संघ, ठरवून. पंचांनी सांगितलं, कपडे बदला नाहीतर सामना होणार नाही. त्या बदलून आल्या आणि खेळल्या, पण त्याची बातमी देशभर झाली. २२ मे रोजी संस्थेची खास सभा बसली आणि ९८ टक्के मतांनी ठरलं की ज्या खेळाडूला जे आवडेल ते तिनं घालावं. एकोणीस दिवसांत!

हे ऐकून आमच्यातल्या एक मावशी, साठीच्या, कधी फारशा न बोलणाऱ्या, म्हणाल्या, "मी सातवीत खो-खो सोडला तो साडीमुळं. घरच्यांनी सांगितलं, आता साडी नेस. साडीत खांब कसा मारू?" आम्ही दहा वर्षं एका गटात आहोत. मावशी खो-खो खेळायच्या, हे आम्हाला माहीत नव्हतं. मग एकेक सुरू झालं. कुणी लंगडीत तालुक्याला गेलेली, कुणी कबड्डीत. सगळ्यांचा खेळ सातवी-आठवीला थांबलेला. कारणं वेगवेगळी सांगितली, पण वर्ष तेच. आणि हे आम्ही त्या वर्षी बोलत होतो, ज्या वर्षाच्या जानेवारीत भारताच्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला आणि कप्तान आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती.

उन्हाळ्यात तिकडं रात्री दहापर्यंत उजेड. सुट्टीत आठवडाभराची शिबिरं असतात, त्यांना कूल कॅम्प म्हणतात. त्यांच्या भाषेत कूल म्हणजे गोल. देशभरातली लाखाहून जास्त मुलं त्याला जातात. जुलैत हर्लिंगचा मोठा अंतिम सामना झाला, अर्ध्या वेळेला मागं असलेल्या टिपरेरीनं कॉर्कला हरवलं. काकूंच्या नातवानं आजीला फोनवर तो सामना समजावून सांगितला, निम्मा मराठीत, निम्मा इंग्रजीत. काकूंना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, तो बोलत होता ना, मग झालं.

परमुलखात पोरं एकटी पडतील, ही काकूंची खरी काळजी होती. क्रोक पार्कच्या सामन्यापेक्षा ती मोठी होती. म्हणून लेकीनं त्यांना झॅक मोरादीची गोष्ट सांगितली. कुर्दी घरातला मुलगा, इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला. अकरा वर्षांचा असताना, २००२ साली घरच्यांबरोबर आयर्लंडच्या लीट्रिम भागात आला, तिथं हर्लिंग शिकला, आणि २०१९ साली लीट्रिमच्या संघातून क्रोक पार्कमध्ये खेळून चषक जिंकला. काकूंनी ती गोष्ट पुन्हा लावायला सांगितली.

नोव्हेंबरात क्लबाची वार्षिक सभा. कोषाध्यक्ष उभा राहून जमाखर्च वाचतो. पैसा येतो कुठून? फी, वर्गणी, आणि आठवड्याला एक छोटी लॉटरी, गावातलेच लोक तिकीट घेतात. लॉटरी म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा आला. आपल्या घरांनी आकड्यापायी काय काय भोगलंय ते आपल्याला माहीत आहे. तेवढं सोडून द्या. दुसरा मार्ग मात्र छान आहे. नाताळच्या आधी मुलं जर्सी घालून मोठ्या दुकानात उभी राहतात आणि गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरून देतात. गिऱ्हाईक डब्यात नाणी टाकतं. त्यातून पुढच्या वर्षाचे चेंडू येतात.

त्याच सभेत लेकीला विचारलं, मुलींच्या संघाची प्रथमोपचाराची पेटी सांभाळाल का? तिनं होय म्हटलं. हा निरोप ऐकताना तिचा आवाज जरा बदललेला होता, ते आम्हा सगळ्यांना समजलं.

दिवाळीनंतर आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ऐकतो तर वर्षभर. आपलं काय?" आमच्या गटातल्याच एका ताईंची मुलगी आहे, आठवीतली. सहावीत असताना खो-खोत तिला कुणी धरू शकत नव्हतं. आता संध्याकाळी ती हंडा घेऊन आडावर दिसते. तिच्याकडं बघूनच विषय निघाला. शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा, शाळेचं मैदान, पाचवी ते नववीच्या मुली. दोन बायकांनी पाळीनं उभं राहायचं. मैदान मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. मुलांचं क्रिकेट असतं, तर त्यांना तासभर अर्ध्या मैदानावर सरकवायचं ठरलं. ते अजून कुरकुर करतात.

खरी अडचण मैदानाची नव्हतीच. पाच ते सहा ही पाण्याची आणि भाकरीची वेळ. त्या वेळेला घराला मुलगी लागते. मग आम्ही ती जर्सीची यादी आठवली. शनिवारचं पाणी घरातल्या मुलग्यानं नाहीतर बापानं आणायचं, आणि नाव लिहून यादी ग्रामसंघाच्या भिंतीला लावायची. नऊ घरांनी नावं लिहिली. चार घरांनी लिहिली नाहीत. एका घरी तर सांगितलं, मुलगी खेळली तर पाय मोडून घेईल, मग लग्नाचं काय? आम्ही वाद घातला नाही. बाहेर येऊन एकमेकींशी खूप बोललो.

पहिल्या शनिवारी अकरा मुली आल्या. दुसऱ्या शनिवारी सात. तिसऱ्याला पुन्हा दहा, आणि त्यात दोन नव्या. साठीच्या मावशी शिट्टी घेऊन येतात आणि खांब कसा मारायचा ते साडीतच दाखवतात. शिकवायला तालुक्याहून एका तरुणाला बोलवा, असं सरपंचांनी सुचवलंय. आम्ही त्यांना सांगितलं, आधी त्याची पोलीस पडताळणी होऊ द्या. ते जरा चमकले, पण कागद केलाय.

आठवीतली ती मुलगी अजून आलेली नाही. तिचं घर त्या चारांपैकी आहे. तिची आई आमच्या गटातली, यादीसमोर उभी राहते, वाचते आणि जाते. गेल्या शनिवारी मुलगी हंडा खाली ठेवून कुंपणाशी पाच-दहा मिनिटं उभी होती. मावशींनी तिला हाक मारली नाही, नुसती शिट्टी वाजवून खेळ तिच्या बाजूला सरकवला.

या शनिवारी फक्की मारायची पाळी आमची आहे. तुमच्या गावात कुणाकडं जुना, पण बरा चेंडू असेल, तर ग्रामसंघाच्या कार्यालयात आणून द्या. पेटी दाराशीच ठेवलीय. कुणी दिला ते आम्ही लिहिणार नाही.